शिक्षक घडतो कोठे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेल्या एखाद्या तरुण शिक्षकाच्या वर्गात, त्याच्या नेमणुकीला दोन-तीन वर्षे झाल्यावर, तासभर बसून पाहावे, म्हणजे शिक्षणखात्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे एक कोडे आपल्यापुढे उभे राहते. या शिक्षकाने अध्यापक विद्यालयात दोन वर्षे घालविलेली असतात. बालमानसशास्त्र, अध्यापनपद्धती, मूल्यमापन या विषयांच्या परीक्षा त्याने चांगल्या गुणांनी उत्तीर्ण केलेल्या असतात. मुलाने स्वतः हाताळून, विचारून, चुकून शिकावे हे तत्त्व त्याने उत्तरपत्रिकांत अनेकदा मनापासून लिहिलेले असते. आणि तरीही त्याच्या वर्गात काय चालते, तर तो फळ्यावर उत्तर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि मग सारा वर्ग ते एका सुरात म्हणतो. वीस वर्षांपूर्वी त्याचे स्वतःचे गुरुजी जे करीत होते तेच, जवळजवळ त्याच हावभावांसह, पुन्हा घडत असते. हा माणूस कामचुकार नसतो. पुष्कळदा तो कळकळीचा असतो आणि आपण शिकलो त्यातले काही येथे उतरत नाही याची खंत त्याला स्वतःलाच वाटत असते. मग त्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचे झाले काय?

प्रश्न एका व्यक्तीचा असता तर तो सोडून देता आला असता. परंतु आपल्या देशात आज सुमारे एक कोटी शिक्षक आहेत, आणि ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात होत असलेल्या ‘असर’ पाहणीत एक गोष्ट वर्षानुवर्षे आढळत आली आहे, ती ही की पाचवीत बसलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. मुले शाळेत आहेत, शिक्षकांपाशी दाखला आहे, आणि तरी वाचन नाही. या विसंगतीचे खापर शिक्षकाच्या वृत्तीवर फोडण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. शिक्षक घडविणारी यंत्रणा कशी चालते हे एकदा नीट पाहिले, म्हणजे तिच्यातून असाच शिक्षक बाहेर पडणे स्वाभाविक कसे आहे हे ध्यानात येते.

दहा हजार तासांची उमेदवारी

सुतारकाम किंवा वैद्यकी शिकावयास येणारा विद्यार्थी त्या व्यवसायाविषयी बहुतांशी अनभिज्ञ असतो. शिक्षकाचे तसे नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी किमान १००० तास अध्यापन व्हावे असे ठरविले आहे. त्या हिशेबाने आठवी पूर्ण होईपर्यंतच मुलाचे सात हजार तास वर्गात गेलेले असतात, आणि पुढची चार वर्षे धरली तर बारावी होईतो हा आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे अध्यापक विद्यालयाची पायरी चढण्यापूर्वीच भावी शिक्षकाने दहा हजार तास इतरांना शिकविताना पाहिलेले असते. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शिक्षकी पेशावर लिहिलेल्या ग्रंथात या गोष्टीकडे लक्ष वेधले, आणि तिला ‘निरीक्षणातून झालेली उमेदवारी’ अशा अर्थाचे नाव दिले.

या उमेदवारीतला दोष असा, की विद्यार्थ्याच्या बाकावरून शिक्षकाची कृती दिसते, पण तिच्यामागचा विचार दिसत नाही. शिक्षकाने हेच उदाहरण का निवडले, तिसऱ्या बाकावरच्या मुलाला प्रश्न न विचारता पुढच्या मुलीला का विचारला, चुकीचे उत्तर ऐकून तो क्षणभर का थांबला, या गोष्टी बाकावरच्या मुलापर्यंत कधी पोहोचत नाहीत. त्याच्या मनावर उमटतात त्या फक्त बाह्य खुणा: खडू, छडी किंवा करडा आवाज, ‘लिहून घ्या’, ‘पाठ करा’, ‘कळले का?’ आणि त्यावर साऱ्या वर्गाचा होकार.

आपल्या घरात रात्री दुधाला विरजण लावतात, त्यावरून ही प्रक्रिया समजून घेता येईल. दूध कितीही ताजे व सकस असो, सकाळी जे दही मिळते त्याचा गुण विरजणावर ठरतो. विरजण आंबूस असेल तर दही आंबूस होते, आणि त्याच दह्यातले चमचाभर उद्याचे विरजण म्हणून ठेवले, की तो आंबटपणा दिवसेंदिवस पुढे चालत राहतो. शालेय जीवनातील अनुभव हे भावी शिक्षकाच्या मनातले विरजण होय, आणि प्रशिक्षणात मिळणारे सिद्धान्त हे वरून ओतलेले दूध. दूध बदलून दही बदलत नाही. विरजण बदलावे लागते. त्यासाठी लागतो वेळ, आपल्या जुन्या अनुभवाकडे चिकित्सकपणे पाहण्याची सवय, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेगळ्या प्रकारे शिकविले जात असलेला वर्ग प्रत्यक्ष, जवळून आणि दीर्घकाळ पाहण्याची संधी. आपल्या व्यवस्थेत नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ आहे.

तिसरे ज्ञान

चांगला शिक्षक होण्यास काय लागते, असे विचारले तर सामान्यतः दोन उत्तरे मिळतात: विषय आला पाहिजे, आणि शिकविण्याची हातोटी पाहिजे. आपले अभ्यासक्रमही याच दोन खांबांवर उभे आहेत. विषयज्ञान महाविद्यालयाने द्यावे आणि पद्धतिज्ञान अध्यापक महाविद्यालयाने, अशी ही वाटणी. परंतु १९८० च्या दशकाच्या मध्यास ली शुलमन या शिक्षणशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले, की या दोहोंहून निराळे असे तिसरे एक ज्ञान असते आणि शिक्षकाचे खरे भांडवल तेच.

मराठी शाळेतलेच एक उदाहरण घेऊ. पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘पंचवीस’ लिहावयास सांगितले तर ते पुष्कळदा ५२ लिहिते. विषय उत्तम जाणणाऱ्या माणसाला ही निष्काळजी वाटते, आणि तो ‘लक्ष देऊन लिही’ असे बजावतो. बालमानसशास्त्र पाठ केलेला माणूस पियाजेने सांगितलेल्या विकासाच्या अवस्था सांगू शकतो, पण या मुलाला आत्ता काय सांगावे हे त्यातून निघत नाही. ज्याच्यापाशी तिसरे ज्ञान आहे तो शिक्षक ओळखतो, की मराठीत पाच आधी उच्चारला जातो आणि वीस नंतर, तर लिहिताना दोन आधी येतो आणि पाच नंतर; मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहीत आहे, म्हणजे त्याच्या चुकीला तर्क आहे. पण तो येथेच थांबत नाही. ही चूक केवळ उच्चाराच्या क्रमामुळे होते आहे की मुलाला दशक-एककाची कल्पनाच नाही, हे त्याला ठरवावयाचे असते. म्हणून तो मुलापुढे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या ठेवून पंचवीस मांडून दाखविण्यास सांगतो. मुलाने दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या उचलल्या तर अडचण लेखनाची. पाच गठ्ठे उचलले तर ती अधिक खोल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचन ‘वीस एक, वीस दोन’ अशा रीतीने दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. त्या गदारोळात भाषेच्या अस्मितेची चर्चा भरपूर झाली, पण या बदलाच्या मुळाशी वर्गातली ही नित्याची अडचण होती याकडे फारसे कोणी पाहिले नाही. बदल योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात; त्या अडचणीचे भान मात्र प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला असलेच पाहिजे.

वजाबाकीचेही तसेच. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ उत्तर लिहिते, कारण ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते: पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. अशा चुका यादृच्छिक नसतात, त्यांना नियम असतो, आणि तो नियम ओळखता आला तरच उपाय सुचतो. प्रत्येक विषयात, प्रत्येक इयत्तेत अशा ज्ञानाचे शेकडो तुकडे आहेत. ते विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकापाशी नाहीत आणि शिक्षणशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतही क्वचितच आहेत. ते असतात वर्षानुवर्षे विचारपूर्वक शिकविलेल्या शिक्षकांच्या अनुभवात, आणि बहुधा त्यांच्या निवृत्तीबरोबर लोप पावतात. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांत ‘आशययुक्त अध्यापन’ नावाचा विषय आहे. नावावरून तो या तिसऱ्या ज्ञानासाठीच असावा. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी त्याचे रूपांतर गाभाघटक, मूल्ये आणि आशयविश्लेषण यांच्या पाठ करावयाच्या याद्यांत झाले आहे.

दोन वाटा आणि तीन दुरावे

आजची व्यवस्था अशी का आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने चोवीस शिक्षक शिकवून तयार केले आणि त्यांना निरनिराळ्या ठिकाणच्या शाळांवर पाठविले. मुंबई इलाख्यातील शिक्षकप्रशिक्षणाचा हा प्रारंभ. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने नॉर्मल शाळा काढाव्यात आणि त्यांतील उमेदवारांस विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, आणि १८८२ च्या हंटर आयोगाने पदवीधरांसाठी प्रशिक्षणाचा कालावधी इतरांपेक्षा अल्प असावा असे सुचविले. येथून दोन वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. प्राथमिक शिक्षक व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा उत्तीर्ण होऊन ट्रेनिंग कॉलेजात जाई आणि त्याचा विद्यापीठाशी काही संबंध येत नसे. माध्यमिक शिक्षक पदवी घेऊन मग बी. टी. किंवा बी. एड. करी. ज्या वयात मूल सर्वांत नाजूक असते, त्या वयाचे अध्यापन कमी विद्येचे काम मानले गेले, आणि हा समज अद्यापि आपल्या वेतनश्रेणीत, प्रतिष्ठेत आणि अभ्यासक्रमात टिकून आहे.

त्याच हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, ते या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. प्राथमिक शिक्षक शक्य तेथवर शेतकरीवर्गातले, म्हणजे लोकांत मिळूनमिसळून राहून त्यांच्या गरजा जाणणारे असावेत. ते प्रशिक्षित असावेत. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. आणि त्यांचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते पंधरा-वीस रुपये असावे, असे त्यांनी मांडले होते. शिक्षक कोठून येतो, काय शिकतो आणि काय मिळवितो या तीन गोष्टी एकमेकींपासून अलग करता येत नाहीत, हे त्यांना १८८२ साली स्पष्ट दिसत होते.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग बसला, आणि ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, त्याने अध्यापक शिक्षणाच्या दुखण्याचे जे निदान केले ते इतके नेमके आहे, की सहा दशकांनंतरही त्यात फारसे काही बदलावे लागत नाही. अध्यापक शिक्षण तीन बाजूंनी तुटलेले आहे, असे आयोगाने म्हटले: ते विद्यापीठीय विद्याजीवनापासून तुटले आहे, शाळांपासून तुटले आहे, आणि प्राथमिक, माध्यमिक अशा प्रकारांच्या संस्था एकमेकींपासून तुटल्या आहेत. या तिन्ही दुराव्यांतला मधला, म्हणजे शाळांपासूनचा दुरावा, मला सर्वांत घातक वाटतो. तिसरे ज्ञान शाळेतच निपजते. ती वाट बंद झाली की महाविद्यालयात केवळ शब्द उरतात.

सराव पाठ

हा दुरावा प्रत्यक्षात कसा दिसतो ते सराव पाठाच्या वेळी पाहावे. छात्राध्यापक आदल्या दिवशी पाठाचे टाचण काढतो. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन असे रकाने आखलेले असतात, आणि त्यांच्या मागे हर्बार्टच्या पंचपदीची छाया असते: पूर्वज्ञान जागे करावयाचे, नवे ज्ञान मांडावयाचे, दोहोंची सांगड घालावयाची, नियम काढावयाचा, उपयोजन करावयाचे. टाचण मार्गदर्शकांकडून तपासून घेतले, की छात्राध्यापक रंगीत तक्ते घेऊन एखाद्या शाळेत जातो. त्या वर्गाची नेहमीची शिक्षिका हा तास मोकळा मिळाला म्हणून अन्य कामाला जाते. मुलांना हे पाहुणे ठाऊक असतात; ती शहाण्यासारखी बसतात. मागच्या बाकावर निरीक्षक काही मिनिटे टिपणे करतात आणि पुढच्या वर्गाकडे वळतात. पाठ संपतो, शेरा मिळतो, पाठांची ठरलेली संख्या भरते.

या क्रमात छात्राध्यापकाला त्या वर्गातले एकही मूल ओळखीचे होत नाही. काल शिकविलेले आज किती टिकले हे त्याला दिसत नाही, कारण काल तो येथे नव्हता आणि उद्या नसेल. ज्या शिक्षिकेला त्या मुलांच्या चुकांची नाडी ठाऊक आहे, ती त्या तासाला वर्गाबाहेर असते; आणि ज्याला शेरा देण्याचा अधिकार आहे त्याला ती मुले ठाऊक नसतात. पूर्वी भर होता तो सूक्ष्म अध्यापनावर, म्हणजे पाच-सहा मिनिटांत प्रश्न विचारणे किंवा उदाहरण देणे असे एकेक कौशल्य सहाध्यायांपुढे घटवून घेण्यावर. आरंभीची भीती मोडण्यास त्याचा उपयोग आहे. पण सहाध्यायी हा दुसरीतला मुलगा नव्हे. तो पंचवीसचे बावन्न लिहीत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी. एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात एकूण वीस आठवडे शाळेत घालविण्याची अट घातली, ही मोठी सुधारणा होय. परंतु मुदत वाढली तरी संबंध आपोआप जुळत नाहीत. पुष्कळ शाळांत हे छात्राध्यापक रजेवर गेलेल्या शिक्षकांचे तास भरून काढण्यासाठी वापरले जातात. त्यांच्याबरोबर बसून ‘हे मूल असे का म्हणाले असेल’ याची चर्चा करणे हे कोणाच्याही अधिकृत कामात मोडत नाही. त्या अनुभवी शिक्षिकेच्या वेळापत्रकात त्यासाठी तास नसतो, तिला त्याचे मानधन नसते, आणि तिचे मत छात्राध्यापकाच्या निकालात बहुधा नाममात्र धरले जाते.

आणखी एक गोष्ट. सराव होतो तो बहुधा शहरातल्या शाळेत, एका इयत्तेच्या वर्गावर, एका विषयाच्या तासाला. नेमणूक होते ती मात्र पुष्कळदा द्विशिक्षकी शाळेत. शिक्षणहक्क कायद्यानेच साठ पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मान्य केले आहेत. म्हणजे पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यावयाच्या, आणि एकाच वेळी एका गटाला अक्षरओळख, दुसऱ्याला गुणाकार, तिसऱ्याला परिसर अभ्यास द्यावयाचा. शाळा मेळघाटात असेल तर मुलांची घरची भाषा कोरकू असते, गडचिरोलीच्या दक्षिणेस माडिया, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी. पुस्तकाच्या मराठीतला शब्द त्या मुलाला परका, आणि त्याचा शब्द शिक्षकाला परका. बहुवर्ग अध्यापन आणि बहुभाषिक वर्ग ही ग्रामीण भारतातील प्राथमिक शाळेची नित्याची स्थिती आहे, पण अभ्यासक्रमात ती एखाद्या प्रकरणापुरती येते. अशा शाळेत पहिल्या दिवशी एकटा पडलेला शिक्षक जे करावयाचे तेच करतो: स्वतःच्या गुरुजींना आठवतो.

> चौकट: शिक्षक होण्याची आजची वाट
>
> पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका. तिला पूर्वी डी. एड. म्हणत, आता डी. एल. एड. म्हणतात. वरच्या वर्गांसाठी पदवीनंतर बी. एड.
>
> २०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक. दीडशे गुणांची, पर्यायी उत्तरांतून निवड करण्याची ही परीक्षा. उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण उमेदवारास साठ टक्के गुण लागतात.
>
> महाराष्ट्रात त्यापुढे अभियोग्यता व बुद्धिमापन चाचणी, आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’ प्रणालीतून निवड.
>
> निवडीनंतर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर.

मंजुरीचा कारभार

प्रशिक्षण शाळेपासून तुटलेले आहे हे जर १९६६ पासून ठाऊक आहे, तर ते जोडले का गेले नाही? याचे उत्तर शिक्षणशास्त्रात नाही, अर्थकारणात आहे. सर्व मुलांना शाळेत आणावयाचे ठरले, की अल्पावधीत लक्षावधी शिक्षक लागतात. ते घडविण्याइतका पैसा सरकार घालू इच्छीत नाही. म्हणून हे काम खाजगी संस्थांकडे जाते. शुल्कावर चालणाऱ्या संस्थेचे उत्पन्न प्रवेशांवर अवलंबून असते आणि खर्च अध्यापकवर्गावर. अध्यापक कमी ठेवले, सराव शाळा कागदोपत्री दाखविल्या, विद्यार्थ्यांच्या उपस्थितीकडे काणाडोळा केला, तर तिचे काहीच बिघडत नाही, कारण उत्तीर्ण झालेला शिक्षक पुढे पाचवीच्या मुलाला वाचावयास शिकवू शकतो की नाही, याचा हिशेब त्या संस्थेकडे कोणी कधी मागत नाही.

या कारभाराला शिस्त लावण्यासाठी १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. पण मान्यतेच्या तपासणीत मोजता येण्याजोग्या गोष्टींना, म्हणजे जमीन, इमारत, ग्रंथसंख्या, मुदत ठेव, यांना प्राधान्य येते. वर्गात काय चालते ते दप्तरात उतरत नाही. महाराष्ट्रातील २९१ संस्थांच्या डी. एड. अभ्यासक्रमाच्या मान्यतेवरून उद्भवलेला वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगामार्फत झालेल्या तपासणीत त्यांपैकी बहुतेक संस्था निकषांस उतरल्या नाहीत. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने याच आयोगाचा हवाला देऊन नमूद केले, की देशातील दहा हजारांहून अधिक एकाकी संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिक्षक घडविण्याचा प्रयत्नही करीत नाहीत, त्या मोल घेऊन पदव्या विकतात. सरकारी धोरणपत्रात असे शब्द क्वचित आढळतात.

एकीकडे महाविद्यालयांचे हे पीक वाढत असता दुसरीकडे नोकऱ्यांचा ओघ आटला. २०१२ पासून महाराष्ट्रात शिक्षकभरती दीर्घकाळ बंद राहिली, डी. एड. झालेले हजारो तरुण वाट पाहत थकले, आणि ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा म्हणून पूर्वी चढाओढ लागे त्याच्या जागा रिकाम्या पडून अनेक विद्यालये बंद झाली. गावातल्या हुशार मुलीला आता डी. एड. कर असा सल्ला कोणी देत नाही. जी नोकरी मिळते तीही शिक्षणसेवकाची. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकास दरमहा तीन हजार रुपये मिळत. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. बारा रुपयांचा आग्रह धरणाऱ्या फुल्यांच्या निवेदनाला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

महाविद्यालयांच्या या कारभारावर टीईटीचा उपाय काढण्यात आला. उत्तीर्णांचे प्रमाण प्रारंभापासून इतके अल्प राहिले, की महाविद्यालयांच्या प्रमाणपत्रांवर विसंबता येत नाही हे जगजाहीर झाले. तेवढे या परीक्षेचे श्रेय मानावे लागेल. परंतु परीक्षा निवडते, घडवीत नाही. पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या कसोटीत मुलापुढे काड्यांचे गठ्ठे मांडण्याचे सामर्थ्य तपासता येत नाही, आणि प्रशिक्षणाची दोन वर्षे मग याच परीक्षेच्या तयारीत जाऊ लागतात.

शिक्षकांचे शिक्षक

या साखळीत सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे जो शिक्षकाला शिकवितो तो. प्राथमिक शिक्षक घडविणाऱ्या विद्यालयात अध्यापक होण्यासाठी एम. एड. लागते, प्रत्यक्ष पहिली-दुसरीला शिकविल्याचा अनुभव लागत नाही. त्यामुळे ज्याने कधी सहा वर्षांच्या मुलाला वाचावयास शिकविलेले नाही, तो ते कसे शिकवावे याचे व्याख्यान देतो, आणि तेही व्याख्यानपद्धतीनेच देतो. मुलांना गटात काम करू द्यावे, हे शंभरजणांना रांगेत बसवून सांगितले जाते. त्यातून विद्यार्थी शिकतो ती रांगेत बसवून सांगण्याची रीत. उलटपक्षी, प्राथमिक शाळेत तीस वर्षे उत्तम काम केलेल्या शिक्षिकेला, तिच्यापाशी ती पदवी नसल्यास, अध्यापक विद्यालयात शिकविण्याचा मार्गच नाही. १९८६ च्या धोरणानंतर प्रत्येक जिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डायट’, उभारण्यात आली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून. कल्पना उत्तम होती. अनेक राज्यांत मात्र तेथली पदे रिक्त राहतात, आणि येणारे अधिकारी पुढच्या बदलीची वाट पाहत असतात.

सेवेत असलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही हीच उतरंड आहे. राज्यपातळीवर काही तज्ज्ञ तयार करावयाचे, त्यांनी जिल्ह्यातल्यांना, जिल्ह्यातल्यांनी तालुक्यातल्यांना, आणि तालुक्यातल्यांनी केंद्रातल्या शिक्षकांना शिकवावयाचे. प्रत्येक पायरीवर शब्द तेच राहतात, पण त्यांमागचा अनुभव गळत जातो; शेवटच्या शिक्षकापर्यंत पोहोचतात त्या सूचना आणि नमुने. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ नावाचा उपक्रम सुरू करून बेचाळीस लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे ठरविले, आणि पुढच्या वर्षी महामारीत तो दूरस्थ झाला. एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत एकच सामग्री पोहोचविणे ही लहान गोष्ट नव्हे. पण या सामग्रीत कोणत्याही एका शिक्षकाच्या वर्गातली आजची अडचण असू शकत नाही.

जेथे वेगळे घडले

विकसनशील देशात यापेक्षा निराळे काही शक्यच नाही असे मानण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे वारली मुलांची बालवाडी आणि बालसेविकांचे प्रशिक्षण ही शेजारी-शेजारी चालत, त्यामुळे सकाळी पाहिलेल्या मुलाविषयी दुपारी बोलता येई. साधनेही तेथल्याच शंख-शिंपल्यांची, बियांची, पानांची. पैसा तेथे अगदी बेताचा होता.

मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हे आणखी मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण. किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी तो आरंभिला, पुढे एकलव्य या संस्थेने चालविला आणि शेकडो सरकारी शाळांपर्यंत नेला. उन्हाळ्यात शिक्षक काही आठवडे एकत्र येत आणि मुलांनी करावयाचे प्रयोग स्वतः करून पाहत. त्यांच्याबरोबर विद्यापीठांतले वैज्ञानिक बसत. अपेक्षित उत्तर आले नाही तर का आले नाही, यावर वाद होई. मग वर्षभर दरमहा बैठक होत असे आणि तेथे शिक्षक आपल्या वर्गातले प्रश्न घेऊन येत. कोठारी आयोगाने सांगितलेले तिन्ही दुरावे येथे एका खोलीत मिटत होते. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. शिक्षणाच्या क्षेत्रातली ही एक मोठी हानी होती असे मी मानतो.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी गेल्या दशकात जे काम उभे केले, ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले; तेथे त्यांना व्याख्यानाऐवजी आपल्यासारख्याच शिक्षकाचा, आपल्यासारख्याच मुलांचा, पण वेगळ्या रीतीने चाललेला वर्ग दिसला. या भेटींचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही, काही ठिकाणी भिंतींवरची आणि जमिनीवरची रेखाटने तेवढी उचलली गेली. तरीही दिशा योग्य होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्रात दहा-बारा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख अशी रचना आहे, त्या केंद्राच्या शिक्षण परिषदाही ठरलेल्या आहेत. ही बैठक परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांतून मोकळी करून तेथे मुलांच्या वह्या मांडल्या आणि चुकांचा अर्थ लावला, तर होशंगाबादची ती मासिक बैठक आपल्याकडे प्रत्येक केंद्रात भरू शकेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे खातेही लागत नाही.

२०२० च्या धोरणाने २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय संस्थांतील चार वर्षांचा एकात्मिक बी. एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याचे योजिले आहे, आणि २०२३-२४ साठी देशातील सत्तावन्न संस्थांना या अभ्यासक्रमाची परवानगी मिळाली. दिल्ली विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू झालेल्या चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षण पदवीने असा अभ्यासक्रम सकस रीतीने चालविता येतो हे सिद्ध केलेले आहे. विद्यापीठापासूनचा दुरावा यामुळे कमी होईल. शाळेपासूनचा दुरावा मात्र ज्या शाळेत हे विद्यार्थी जातील, तेथील अनुभवी शिक्षकाच्या हाती आहे. त्याच्या आठवड्याच्या कार्यभारात मार्गदर्शनाचे दोन-तीन तास अधिकृतपणे धरले गेले, त्या तासांपुरता बदली शिक्षक मिळाला, त्याला मानधन आणि छात्राध्यापकाच्या निकालात वजनदार मत मिळाले, तर चार वर्षांचा हा अभ्यासक्रम शाळेत रुजेल. अंदाजपत्रकात यासाठी अद्याप वेगळे लेखाशीर्ष नाही. ते निर्माण करणे ही या सुधारणेतली पहिली खर्चाची बाब ठरावी.